कोरडी डुबकी

पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही. तोंडात सिलिंडरमधली हवा पुरवणारा रेग्युलेटर असतो, आणि तो काढून काही सांगायला गेलं तर शब्द बाहेर पडण्याआधी पाणी आत शिरतं. म्हणजे डाइव्ह चालू असेपर्यंत, चांगली चाळीस-पन्नास मिनिटं, डायव्हर नावाचा प्राणी गप्प असतो. या छंदाची हीच जमेची बाजू, असं मी इतकी वर्षं समजत होतो. पण न बोललेलं बोलणं विरून जात नाही. ते खोल पाण्यात डायव्हरच्या रक्तात नायट्रोजन साठावा तसं साठत राहतं आणि वर्षातून एकदा, शनिवार-रविवार गाठून, एका वातानुकूलित सभागृहात भसाभसा बाहेर पडतं. त्याला स्कूबा डायव्हिंगचं संमेलन म्हणतात.

बायकोच्या नावावर २१२ डाइव्ह आहेत. माझ्या नावावर पोहण्याच्या तलावाचं उथळ टोक आहे, तेही कठडा धरून. नोंदणीच्या अर्जात 'बडी' असा एक रकाना होता. बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची, आणि काहीही झालं तरी एकमेकांना सोडून जायचं नाही. हिनं तिथं माझं नाव लिहिलेलं पाहून मला उगाचच भरून आलं. सोडून जायचं नाही याचा अर्थ दोन दिवस एकाही स्टॉलसमोरून सटकता येणार नाही, हे शनिवारी सकाळी साडेनऊला कळलं.

दाराशीच गळ्यात बिल्ला अडकवतात. त्यावर नाव आणि नावाखाली आजवरच्या डाइव्हची संख्या. समोरच्याची नजर आधी आकड्यावर जाते आणि आकडा बरा असला तरच वर चेहऱ्याकडे येते. मी रकाना मोकळा सोडला होता. एका दाढीवाल्या गृहस्थांनी त्याचा अर्थ असा लावला, की यांनी मोजणं सोडलंय. मोजणं सोडलेली माणसं या जमातीत ऋषितुल्य मानली जातात. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "साइडमाउंट की बॅकमाउंट?"

"दोन्ही बघितलंय," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं. एकात सिलिंडर कुशीला होते आणि दुसऱ्यात पाठीला, आणि दोन्ही प्रकार पुतळ्यांवर चढवून आमच्यासमोर उभे केलेले होते.

मग वेटसूट आला. हा विषय मी घाईनं उरकणार नाही, कारण त्यानंही मला घाईनं सोडलं नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं, म्हणून डायव्हरला निओप्रीनचा अंगाबरोबर बसणारा पोशाख लागतो. इथवर मला मान्य आहे. पण मी पाण्यात नव्हतो आणि जाणारही नव्हतो. "घालून तर बघा," असं विक्रेता म्हणाला, आणि बडीनं मान डोलावली. पाच मिलिमीटर जाडीचं ते रबरी कातडं घोट्याशीच अडून बसलं. मग त्यानं माझ्या पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. ही खरोखरची युक्ती आहे, पाऊल सुळकन आत जातं. पाऊल गेलं. त्यानंतरचा मी मात्र इंचाइंचानं गेलो. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर बघे जमले होते, कमरेपर्यंत पोचलो तेव्हा सल्ले सुरू झाले. पाठीवरची झिप लावायला दोघं आले. एकानं दोन्ही कडा ओढून धरल्या आणि दुसऱ्यानं माझ्या पाठीत गुडघा रोवला.

"घट्ट वाटतोय," मी उरलेल्या हवेत म्हणालो.

"घट्टच असतो. पाण्यात गेलात की कळणारही नाही."

घामानं मी आतून जवळजवळ पाण्यातच होतो, आणि सगळं कळत होतं. त्यातच किमतीची चिठ्ठी दिसली आणि माझा श्वास अडकला. लगेच तिघं एकदम ओरडले, "श्वास रोखायचा नाही!" हा डायव्हिंगचा पहिला नियम. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथं भरलेली छाती न सोडता कुणी वर आला, तर हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. चिठ्ठी वाचताना तो नियम का पाळायचा, हे कुणी सांगितलं नाही.

दुपारी व्याख्यानं. पहिलं डीकॉम्प्रेशनवर होतं. खोलवरून भराभर वर आलं तर अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे ठणकू लागतात. १९०८ साली हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं वर येण्याची सुरक्षित कोष्टकं छापली. त्यासाठी त्यानं शेळ्यांना दाबाच्या कोठीत बसवलं होतं. शेळीनं बाहेर आल्यावर पाय उचलून धरला की समजायचं, दुखतंय. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की मघाच्या झटापटीनंतर मीही खुर्चीत एक पाय उचलूनच बसलोय. शेजारच्या बाई माझ्याकडे शास्त्रीय नजरेनं पाहत होत्या.

पुढच्या वक्त्यानं इजिप्तच्या अहमद गाब्रचा विक्रम सांगितला. २०१४ मध्ये तो तांबड्या समुद्रात ३३२.३५ मीटर खाली गेला. जायला पाव तास, यायला तेरा तासांच्या वर. वक्त्याची शैलीही तीच होती. विषयाच्या तळाशी तो पाच मिनिटांत पोचला आणि नंतर टप्प्याटप्प्यानं वर येत राहिला.

फोटोंच्या सत्रात समुद्री गोगलगाई होत्या. नखाएवढ्या, नटव्या आणि मोजायला गेलं तर चाळीस. प्रत्येक फोटोनंतर एकच हळहळ, "मी हिच्यावर कॅमेरा धरला होता आणि नेमका मागून व्हेल शार्क गेला." मास्कमधून पाहिलं तर पाण्यातली वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते म्हणे. जमिनीवर आल्यावर ती किती वाढते, यावर मात्र व्याख्यान ठेवलेलं नव्हतं.

एकमेकांना पाण्यात पाहणं हा वाक्प्रचार मी इथंच शब्दशः पाहिला. सोडलेला श्वास स्वच्छ करून पुन्हा वापरणारं रीब्रीदर नावाचं यंत्र असतं, त्यातून जवळपास बुडबुडे येत नाहीत. ते वापरणारे बुडबुडेवाल्यांना धांगडधिंगा करणारे समजतात, आणि बुडबुडेवाले त्यांना 'उद्या कळेल' अशा नजरेनं न्याहाळतात.

गोगलगाईंचं सत्र एकदाचं संपत आलं, तेव्हा मी कृतज्ञतेनं अंगठा वर केला. वक्ता गपकन थांबला. "काय होतंय? बरं नाही का?" सगळ्या माना वळल्या.

"अरे, अंगठा म्हणजे 'छान' नाही," बायको कानाशी पुटपुटली. "छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं. अंगठा म्हणजे 'वर चला, डाइव्ह संपली'. कुणीही, कधीही, कशासाठीही दाखवू शकतो. आणि समोरच्यानं कारण विचारायचं नाही, मुकाट्यानं निघायचं."

दोन दिवसांत कानावर पडलेल्या अमाप माहितीतलं हे एवढंच मी मनात नीट घडी घालून ठेवलं.

रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही टॉर्चच्या तिसऱ्या स्टॉलवर होतो. पाण्यात खोल जावं तसा लाल रंग आधी नाहीसा होतो आणि टॉर्च लावला की परत येतो, हे मला तिसऱ्यांदा सांगितलं जात होतं. मी बायकोच्या नजरेला नजर भिडवली आणि तिच्या नाकासमोर अंगठा धरला.

ती काहीतरी बोलणार होती. पण २१२ डाइव्हची सवय. तिनं हातातला टॉर्च खाली ठेवला, मला अंगठा दाखवला आणि दाराकडे वळली. मी मागोमाग, बुडबुड्यासारखा हलका.

दार पाच मीटरवर आलं आणि ती थांबली.

"आता काय?"

"सेफ्टी स्टॉप. पाच मीटरवर तीन मिनिटं. वर येताना थांबायचं असतं."

तिथं एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या बिल्ल्यावरचा आकडा चार अंकी होता, आणि आम्हाला पाहून त्यांनी नुकताच श्वास भरून घेतला होता.