गावकीतल्या अनुभवी मंडळींना परदेशी नोकरीची संधी

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात लागू झाला. कोणाला वाळीत टाकले तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद असल्यामुळे, कोकणातल्या गावकीत, म्हणजे गावच्या पंचमंडळात, उभी हयात घालवलेल्या तुमच्यासारख्या जाणत्या माणसावर सहाणेवर बसून नुसते पान चघळण्याची वेळ आली आहे, हे पाहवत नाही. पण हातची विद्या फुकट घालवण्याचे कारण नाही. परदेशात गेलेले आपले नागरिक तिथे काय बोलतात आणि कोणाला भेटतात यावर पाळत ठेवून त्यांना दटावण्याचे काम जगातली कितीतरी सरकारे भरमसाट पैसा ओतून करतात आणि बहुतेकदा फार गचाळ करतात. मुंबईतल्या चाकरमान्याला गावात बसून मुठीत ठेवणारा सल्लागार त्यांच्या पदरी नाही, एवढेच त्यांचे दुर्दैव आहे.

अर्जात जिल्ह्याच्या परंपरेचा उल्लेख करायला संकोचू नका. लंडनमधल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांवर डोळा ठेवणाऱ्या इंग्रज सरकारने सावरकरांना १९१० मध्ये तिथेच पकडले होते आणि पुढे १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले होते. म्हणजे हे खाते आपल्याला अगदीच परके नाही.

मुलाखतीत तुम्हाला आधी त्यांच्या चुका दाखवाव्या लागतील, आणि तिथे तुम्ही हात राखू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये जमाल खशोगी हे सौदी सरकारवर टीका करणारे पत्रकार लग्नासाठी लागणारा कागद आणायला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले. एका निःशस्त्र माणसासाठी पंधरा जणांचे पथक विमानाने आले, आणि त्यांचा खून केल्यावर त्यांचेच कपडे घालून एक तोतया मागच्या दाराने बाहेर पडला, तेव्हा त्याच्या पायात बूट मात्र स्वतःचेच राहिले. एवढी माणसे गोळा करायची तर गावकीत आधी मटण किती लागेल याचा हिशेब होतो. तिथे बुटांचाही झाला नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत स्क्रिपाल या माजी रशियन हेराच्या दाराच्या मुठीला विष लावल्याचा आळ ज्या दोघा रशियनांवर आला, त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की आपण तिथल्या कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा पाहायला गेलो होतो. आपल्याकडे परगावचा माणूस अपरात्री मळ्यात सापडला तर तोही खेकडे धरायला आलो असे सांगतो, पण त्याच्या हातात निदान बॅटरी आणि पोते असते. बेलारूसने तर मे २०२१ मध्ये अथेन्सहून व्हिल्नियसला निघालेले प्रवासी विमान बॉम्बची हूल उठवून मिन्स्कला उतरवले, सोबतीला लढाऊ विमान धाडले, आणि रोमान प्रोतासेविच या सरकारविरोधी पत्रकाराला त्याच्या मैत्रिणीसह खाली घेतले. एका उतारूसाठी अख्खी एसटी अडवली तर उरलेले उतारू गावोगाव जाऊन काय सांगतील, एवढा पोच आपल्या घंटी वाजवणाऱ्या कंडक्टरलाही असतो.

काही सरकारांना मात्र थोडीफार जाण आहे, आणि त्यांची स्तुती करायला हरकत नाही. इरिट्रिया परदेशातल्या आपल्या लोकांकडून उत्पन्नाच्या दोन टक्के वसूल करतो आणि ते न भरणाऱ्याचा वकिलातीतला कागद पुढे सरकत नाही. धाकदपटशाने होणारी ही वसुली थांबवा, असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०११ मध्ये बजावले. (ही वर्गणी आपल्या ओळखीची आहे. फरक एवढाच की आपण पावतीवर जीर्णोद्धार असे लिहितो.) सप्टेंबर २०२३ मध्ये बेलारूसनेही शहाणपणा शिकून परदेशातल्या वकिलातींना पासपोर्टचे नूतनीकरण बंद करायला लावले, म्हणजे ज्याला पासपोर्ट हवा त्याने मुकाट घरी यावे. चीनने तर आपल्या गावच्या मुंबई मंडळासारखी पोलिसी कार्यालयेच परमुलखात थाटली. स्वयंसेवक तिथे बसून लोकांना वाहनपरवाना नव्याने काढायला मदत करतात, असा त्यांचा खुलासा होता. अमेरिकेने मात्र न्यूयॉर्कमधल्या अशा एका कार्यालयाच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये दोघांना अटक केली.

पण तुमचे खरे भांडवल यातले कशातच नाही, ते म्हाताऱ्या आईत आहे. माणूस कितीही लांब गेला तरी त्याची आई मागे राहते, ही गोष्ट ज्याला कळली त्याला विष, विमान यांतले काही लागत नाही. चीनला ती कळली आहे. गुलचेहरा होजा या उइगूर पत्रकार अमेरिकेतून बातम्या देत राहिल्या, तेव्हा २०१८ च्या सुरुवातीला तिकडे त्यांचे वीसहून अधिक नातेवाईक उचलले गेले. तरीही ही घाऊक पद्धत तुम्हाला आडदांड वाटेल, आणि ते योग्यच आहे. तुम्ही कोणाला कधी उचलले नाहीत. तिन्हीसांजेला पडवीत येऊन बसलात, चहा घेतलात, बशी खाली ठेवलीत आणि सुपारी कातरता कातरता म्हणालात, "काय वहिनी, पोरगा बरा हाय ना? मोबाईलवर लय काय काय लिवतो म्हनं." एवढे बोलून उठलात. त्या रात्री मुंबईला फोन गेला आणि पोरगा गप्प झाला. या कामाचा खर्च एक कप चहा, आणि तोही समोरच्याच्या घरचा.

आपल्या देशाचे काय, असा आडवा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या सरे येथे निज्जर या कॅनडाचे नागरिक असलेल्या खलिस्तानवाद्याची हत्या झाली, कॅनडाने दिल्लीकडे बोट दाखवले, दिल्लीने आरोप साफ फेटाळला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा सहा अधिकारी घालवून दिले. यावर मत विचारल्यास मान खाली घालून चुना शोधू लागावे. हेही तुम्हाला शिकवण्याची गरज नाही.

अर्जाला अनुभवाचा दाखला जोडावा लागेल, तो आमच्या घरून घेऊन जा. माझ्या थोरल्या भावाने परळच्या बैठकीत मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला, त्या वर्षीच्या शिमग्यात आईने पहाटे उठून खळे सारवले, रांगोळी घातली, ओटीचे ताट भरून उंबऱ्याशी ठेवले आणि ती नवे लुगडे नेसून पायरीवर बसली. ढोल वळणावर आला, आमच्या गडग्यापाशी क्षणभर मंदावला आणि पुढे निघून गेला. तुम्ही पालखीच्या पुढच्या दांड्याला होतात आणि आईकडे पाहून हसलात, ते तिला अजून आठवते. गणपतीत भाऊ आला, त्याने दंड भरला आणि देवासमोर नारळ ठेवून चुकलो म्हणाला. हिशेब आजतागायत कोणी मागितलेला नाही. आई आता कमी बोलते, पण दाखल्यावर अंगठा देईल. येताना सही नको, शाईचा पॅड आणा.