दहा-अकरा, बारा-तेरा

गाडी घेतली तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. कर्ज माझं, हप्ते माझे, रंग बायकोच्या पसंतीचा; विषय संपला. पण "गाडीत ठेवायला नट-बोल्टाचे चार पाने घ्यावेत म्हणतोय" एवढं संध्याकाळी कट्ट्यावर बोललो आणि अख्खी गल्ली कामाला लागली.

"तुला कशाला पायजे बे पाने?" हा पहिला प्रश्न. आता सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हे विचारावं का? एका अंगाला तुळजापूर, दुसऱ्या अंगाला अक्कलकोट, पलीकडे पंढरपूर आणि गाणगापूर. सगळे देव शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात, त्यामुळे "एवढ्या लांब कुठं जायचं" ही सबबच कुणाला सांगता येत नाही. त्यात घरटी एक तरी पोरगं पुण्याला, म्हणजे अडीचशे किलोमीटर वेगळे. आणि गाडी बंद पडायची ती मे महिन्यात, भर बारा वाजता, पारा ४३ च्या पुढे आणि आसपास झाड म्हणून एक बाभूळ, तीही रस्त्याच्या पलीकडे. अशा वेळी आपल्याकडची पद्धत म्हणजे बोनेट उघडून उभं राहायचं. टायर पंक्चर असला तरी बोनेट उघडतात. मला निदान योग्य ती बाजू उघडून उभं राहायचं होतं.

"कंपनीनं दिलेत की पाने!" हा दुसरा आक्षेप. दिलेत. डिकीत, स्टेपनीखाली, एका काळ्या पिशवीत जॅक आणि एक आखूड एल पाना. हा पाना वापरण्यासाठी देतात असं मला वाटत नाही. दिला होता असं म्हणता यावं म्हणून देतात. चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. दांडा वीतभर, म्हणजे २५ सेंटीमीटर धरला, तर तो सोडवायला टोकावर ४० किलोचा जोर लागतो. दांडा हातभर असेल तर निम्मा पुरतो. पण हे झालं कागदावरचं. टायरवाल्याच्या पोरानं हवेच्या गनने 'टर्रर्र' करून तोच नट किती आवळलाय, ते त्या पोरालाही माहीत नसतं. मग माणूस त्या आखूड पान्यावर उभा राहून नाचतो. तुळजापूरच्या घाटात असं नाचताना लोक पाहिलेत मी. येणारे-जाणारे हात जोडून पुढे जातात, त्यांना वाटतं नवस असेल.

कट्ट्यावरच्या एकाने ठाम सल्ला दिला, "१०८ नगांचा सेट घे. सगळं आलं त्यात." १०८ ऐकून मला आधी जपमाळ आठवली, मग अँब्युलन्स. तरी दुकानात जाऊन बघितला. सुटकेस उघडली की डोळे दिपतात हे खरं. पण मोजायला बसलं की कळतं, निम्मा आकडा पेचकसाच्या बोटभर बिटांनीच भरलाय. उरलेल्यात चार नंबरची, पाच नंबरची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी; नंबर म्हणजे मिलीमीटर. एवढ्या नटाला चष्मेवाला लागतो, मेकॅनिक नाही. आणि त्या सुटकेसचा स्वभाव असा, की वस्तू एकदा बाहेर काढल्या की परत तितक्याच वस्तू तितक्याच जागेत घालून तिचं झाकण लागत नाही. हायवेच्या कडेला रात्री नऊ वाजता हे कोडं सोडवणाऱ्या माणसाची गाडी दुरुस्त झाली तरी घरचे हॉर्न वाजवत बसतात.

शेवटी आमच्या उस्तादांकडे गेलो. गेली कैक वर्षं माझ्या सगळ्या दुचाक्या आणि ही चारचाकी त्यांच्याच हाताखालून जाते. त्यांनी हातातला नट खाली न ठेवता सांगितलं, "साब, सेट नक्को लेव. पैले गाडी के नट गिनो."

या एका वाक्याला मी १०८ नगांपेक्षा जास्त किंमत देतो. माझ्या गाडीभोवती आम्ही दोघं फिरलो. बॅटरीची टर्मिनलं दहा नंबर, एअर फिल्टरचा डबा दहा, बंपरच्या आतले बरेचसे दहा. मग बारा, मग चौदा, खाली कुठं कुठं सतरा, चाकाला एकोणीस. झालं. इतकीच माणसं आहेत या घरात. शेजारच्याची गाडी युरोपीय वळणाची निघाली. तिथे त्याच जाडीच्या बोल्टाचं डोकं बाराऐवजी तेराचं. म्हणजे शेजाऱ्याने चांगला म्हणून सांगितलेला पाना आपल्या गाडीला चांगला असेलच असं नाही, एका मिलीमीटरने हुकतो. आणि एक मिलीमीटर ढिला पाना नटाला काय करतो हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. नट गोल होतो. गोल झालेला नट मग छिन्नीचा.

उस्तादांनी बाकीचंही दाखवलं. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना चहूबाजूंनी. तेव्हा जाम नट आधी रिंगने हलवायचा आणि मोकळा झाला की फिक्सने पटापट काढायचा. गोटी घेताना आत डोकावून बघायचं. आत सहा कोन असलेली घ्यायची, बारा कोनांची झटकन बसते पण गंजक्या नटावरून तितक्याच झटकन फिरते. रॅचेटला, म्हणजे गोटी फिरवायच्या दातेरी दांड्याला, ७२ दाते असले तर पाच-पाच अंशांवर पकड मिळते, २४ असले तर पंधरा अंश फिरवायला जागा हवी, आणि हल्लीच्या बोनेटखाली पंधरा अंश जागा म्हणजे मुंबईत बंगला. स्क्रू पाना, तो आवळून-सैल करून कुठल्याही नटाला लागणारा, मी कौतुकाने उचलला. स्वीडनच्या योहान्सननं १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून जगभर चाललाय. उस्ताद म्हणाले, "वो नळवाले कू देव."

हातोडी? "हातोडी नक्को. गाडी में हातोडी रक्खे तो हात कू खाज आती."

हे सगळं डोक्यात आणि दहा-बारा-चौदाचा एकेक नट रुमालात बांधून मी पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक सेट पुढे सरकवला. "साहेब, जर्मन टेक्नॉलॉजी."

"बनतं कुठं?"

"जालंधर."

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या देशातली निम्मीअधिक हत्यारं जालंधर-लुधियानाकडची असतील, आणि चांगली असतात. आपल्याकडे नाशिकला टपारियाचा कारखाना आहे, तोही काही जर्मनीत नाही. हसण्यासारखी गोष्ट पुढची. प्रत्येक पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असं, म्हणजे पक्क्या पोलादाचं नाव लिहिलेलं. स्वस्तातल्यावर, महागातल्यावर, अगदी ज्याची चकाकी नखाने निघत होती त्याच्यावरही. ही अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही हे मला त्या दिवशी समजलं.

मी रुमाल सोडला आणि नट पान्यात घालून हलवून बघायला लागलो. दुकानदार पोराला म्हणाला, "यांना स्टूल दे." त्यांनी ओळखलं होतं. स्वस्तातल्या बाराच्या पान्यात बाराचा नट खुळखुळत होता. चांगल्यात तो बसला आणि बसूनच राहिला. पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरली; फटीतून उजेड दिसला की बाजूला. तिच्या दांड्यावर वीजरोधकाची, १००० व्होल्टची खूण आहे का पाहिली. पेचकसाचं मात्र माझं मन भरेना. फुलीच्या स्क्रूंत दोन जाती आहेत हे लोकांना माहीत नसतं. अमेरिकन फिलिप्सची फुली जास्त जोर लागला की पेचकसाला बाहेर ढकलते, तर जपानी गाड्यांच्या स्क्रूची खाच किंचित वेगळी असते. तिला फिलिप्सचा पेचकस वरवर बसतो आणि जोर दिला की डोकं खातो. जुन्या मोटरसायकलींचे इंजिन कव्हरचे स्क्रू पाहा, एकाचंही डोकं ठिकाणावर नसतं. हे दुकानदाराला सांगितल्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले.

फिक्स पाने मात्र जोडीनेच मिळतात. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. यातला दहा मरमर मरतो आणि अकरा त्याच्या पाठीला पाठ लावून आयुष्यभर ऐतखाऊ मेहुण्यासारखा पडून असतो. मी दुकानदाराला म्हटलं, "अकराचं काम कुठं पडतं?" ते म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्षं विकतोय. मलाही बघायचंय."

घरी आल्यावर खरी परीक्षा. डिकीची वाटणी आमच्याकडे ठरलेली आहे. कडक भाकरीचा डबा, शेंगा चटणीची बरणी, पाण्याचा कॅन, प्रसादाच्या पिशव्या. "तुमचं लोखंड पायाशी घ्या," बायको म्हणाली. मी एका शिंप्याकडून जाड कापडाची, कप्पे असलेली गुंडाळी शिवून घेतली. सोलापुरात कापड आणि शिंपी या दोन गोष्टींसाठी अडत नाही. पाने त्यात रांगेने झोपले आणि डिकीत परवानगी मिळाली. पण गाडीखाली शिरायला अंथरूण हवं म्हणून मी एक जुनी चादर मागितली.

"जुनी म्हणजे कुठली?"

"कपाटातली खालची."

"ती माझ्या आईने दिलेली. वीस वर्षं झाली, रंग गेलाय का बघा!"

नव्हता गेला. सोलापुरी चादरीचा हाच त्रास. तिला जीआय मानांकन मिळालंय, आणि त्या मानांकनावर ऑइल गळलेलं कुठल्या घरात चालेल? शेवटी मला एक रिकामं सिमेंटचं पोतं मिळालं.

आता एवढी तयारी केल्यावर गाडी बंद पडेल, तर ती कसली गाडी! गुंडाळी डिकीत गेल्यापासून माझी गाडी एकदाही अडलेली नाही. अडतात ते बाकीचे. कुणाच्या सायकलची सीट, कुणाच्या इन्व्हर्टरची बॅटरी, कुणाचा नळ. उन्हाळा लागला की कूलर निघतात, आणि कूलर निघाले की सकाळी सहाला आमच्या घराची बेल वाजते. परवा समोरचे अण्णा बारा-तेरा घेऊन गेले. काल परत आणून दिला. मी सवयीने खिशातला नट आत घालून पाहिला. खुळखुळला.

"अण्णा, हा माझा नाही."

"तुझाच की रे. पाना तो पाना."

"माझ्यावर टपारिया लिहिलेलं होतं. ह्याच्यावर काहीच नाही."

"पुसलं असेल."

"कोरलेलं होतं, अण्णा."

अण्णांनी पाना उलटासुलटा करून उन्हात धरला. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आरं, मागच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचा हा! त्याच्याकडं तुझा गेला असणार. थांब, आणून देतो." दोन पायऱ्या उतरून ते परत वळले. "आणि तो तुझा रॅचेट दे बघू. ह्या पान्यानं त्याच्या मोटरचा नट गोल केलाय."