35 तास ही मर्यादा नाही हो!

जर्मनी-फ्रान्सच्या किमान वेतनाची तुलना करणारा लेख वाचला. त्यातलं ‘फ्रान्समध्ये आठवड्याला 35 तासांच्या वर काम करता येत नाही’ हे वाक्य मात्र साफ चुकलंय. 35 तासांनंतर काम थांबत नाही, दर बदलतो. 36 ते 43 या तासांना साधारण 25 टक्के जादा, त्यापुढे 50 टक्के. (काही क्षेत्रांत कराराने हा दर कमी ठरतो, पण 10 टक्क्यांच्या खाली नाही.) जर्मनीत ओव्हरटाइमला जादा दर द्यायलाच हवा असा कायदा नाही, करारात असेल तर मिळतो, नसेल तर बसा.

मी शिकताना जर्मनीतल्या केल गावात बेकरीत पहाटेची पाळी करायचो आणि माझा रूममेट ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या सुपरमार्केटात जायचा. त्याच्या पेस्लिपवर जादा तासांची वेगळी ओळ असायची. माझ्या स्लिपवर सगळे तास एकाच भावात. तेव्हा फार चिडचिड व्हायची!

2025चे तासाच्या किमान वेतनाचे दर घ्या: जर्मनी 12.82 युरो, फ्रान्स 11.88. म्हणजे तासाला 94 सेंट जर्मनी पुढे, हे लेखात बरोबर आहे. 39 तासांना जर्मनीत जवळपास 500 युरो, फ्रान्समध्ये 475. पण तास वाढवत न्या, 47व्या तासाला फ्रान्स पुढे जातो. 48 तासांना फ्रान्समध्ये 624, जर्मनीत 615. हे सगळं कर आणि विमा कापायच्या आधीचं. हातात किती पडतं तो हिशेब लेखात यायलाच हवा होता.