मालकाचं उत्तर: 'वीस मिनिटं चहा पीत बसला'

नमस्कार मॅडम,

आमच्या झेरॉक्स मशीन दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार देऊन आपण लिहिलेला रिव्ह्यू वाचला.

आपल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातलं झेरॉक्स मशीन दोन दिवस बंद राहिलं आणि कॉप्या बाहेरून काढाव्या लागल्या, त्याबद्दल माफी मागतो. आमच्याकडे दुरुस्तीच्या कामाला असलेला मुलगा अकराचं सांगून सव्वाबाराला पोचला, हेही खरं. तीन हात नाक्याला अडकला होता, पण एक फोन करायला हवा होता.

मात्र "मशीन बंद केलं, वीस मिनिटं चहा पीत बसला आणि त्याचेही पैसे लावले" हे वाचून वाईट वाटलं. बिल परत बघा. व्हिजिट चार्ज ६०० रुपये एकरकमी आहे, माणूस अर्धा तास थांबो नाहीतर तीन तास. बसण्याचा एक रुपयाही लावलेला नाही. चहा तर आपल्याच पॅन्ट्रीतून आला होता, नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

आता बसला का, ते सांगतो. नुसतं बटण बंद केलं तरी प्लग लावलेला असेपर्यंत पॉवर सप्लायमध्ये लाईट येतच असते. प्लग काढल्यावरही तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज उरतो. आपले २३० व्होल्ट तिथे डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात, आणि ते उतरल्याचं मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालायचा नसतो. शिवाय आपल्या मशीनमध्ये पॉवर सप्लायचा हा बोर्ड फ्यूझरला लागूनच आहे. टोनर कागदावर वितळवणारा तो रोलर दोनशे डिग्रीच्या जवळपास तापतो, तो निवायला चार्जपेक्षाही जास्त वेळ लागतो. आमच्या मुलाच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, आधीच्या नोकरीतला. तिथे घाई करायला लावत.

आणि लिहावं की नाही कळत नाही, पण त्या वीस मिनिटांतली पहिली दहा वाया गेली. तो हात धुवायला गेला तेवढ्यात आपल्याकडच्या कोणीतरी "बघू चालू होतंय का" म्हणून प्लग परत लावला. मशीन पुन्हा तापलं. तो काही बोलला नाही, प्लग काढून पुन्हा बसला. आम्ही येण्याआधी मागचं कव्हरही उघडलेलं होतं आणि एक फ्लॅट केबल लॉक न उघडता ओढलेली होती. तो कनेक्टर बदलला, बिलात लावला नाही.

"घड्याळासारखा पट्टा बांधून नाटक" असंही आपण लिहिलंय. तो पट्टा वायरने मशीनच्या लोखंडी फ्रेमला जोडलेला असतो, म्हणजे अंगातली स्थिर वीज त्यातून निघून जाते. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या स्थिर विजेने बोर्डावरची चिप जाऊ शकते. बोर्ड चंदेरी पिशवीत घालून नेला तोही त्यासाठीच. केबलींचे फोटो काढत होता ते परत बरोबर जागी लावता याव्यात म्हणून, मोबाईलवर खेळत नव्हता.

आमचं नौपाड्यातलं दोन माणसांचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघतं, मग फोन करतं. आपला एक स्टार सगळ्यांत वर दिसतोय.

यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवू, बाकीही सुधारणा करतोय. पुढची सर्व्हिस आमच्याकडून फुकट. फक्त त्या दिवशी प्लगला कोणी हात लावणार नाही एवढं बघा.