मोजणीवाले आले!

नाशिककरानं लँडस्केप फोटोग्राफीचा नाद करू नये. जागा उदंड आहेत हो, पण प्रत्येकीचा फोटो आधीच निघालेला आहे. हरिहर गडाच्या त्या सरळसोट पायऱ्या खालून टिपायला जावं, तर फ्रेममध्ये कातळ कमी आणि वर चढणाऱ्यांचे बूटच जास्त. पहिनेला जुलैतल्या रविवारी धबधबा शोधावा लागतो, कणसं भाजणारे मात्र लगेच सापडतात. नांदूर मध्यमेश्वर २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे हातभर लेन्स घेऊन बसलेले पक्षीवाले माझ्याकडे असे बघतात, की चक्रवाक मीच उडवून लावले असावेत. साल्हेरचा किल्ला जरा लांब म्हणून वाचला होता, तर २०२५ मध्ये तोही जागतिक वारसा यादीत गेला. चांगलंच झालं, पण माझ्या हातचा गेला.

मग उरते ती अनवट जागा. ती ज्यांना ठाऊक असते ते सांगत नाहीत. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, फोटो अप्रतिम काढतात. त्यांना विचारलं, "काका, हा कुठला?"

"इथलाच. वणीच्या अलीकडे."

"अलीकडे म्हणजे?"

"म्हणजे पलीकडे नाही."

शेवटी मी नकाशा घेऊन बसलो. पन्नास हजारी, म्हणजे १:५०,००० प्रमाणाच्या, सर्व्हे नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे असं समजायचं. वणीकडची सातमाळा डोंगररांग साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून पंचवीसेक अंश दक्षिणेला सरकून उगवतो, म्हणजे त्या दिवसांत कोवळं ऊन पडतं ते दक्षिणेकडच्या कड्यांवर. उत्तरेची बाजू बिचारी सावलीत कुडकुडते. आपला बेसाल्ट मुळात काळा, त्यात सावली, म्हणजे फोटोत नुसता कोळसा. हे सगळं मी सोफ्यावर बसून बायकोला समजावलं. ती म्हणाली, "दूध आणायला सात वाजता उठवत नाही तुम्हाला."

तरी डिसेंबरातल्या एका पहाटे निघालो. दिंडोरी ओलांडली, वणीही मागे पडली, आणि एका कच्च्या रस्त्याला लागलो. (त्याचं नाव मी सांगणार नाही. काका वाचतात.) थंडी अशी, की ट्रायपॉडला हात लावायची हिंमत होईना. पण समोर काय दृश्य होतं! द्राक्षबागांवर धुराचा पातळ थर अंथरलेला, त्यातून वर आलेला कडा आणि त्याच्या माथ्यावर पहिलं ऊन. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांचाच तो धूर. शहरातले लोक अशा फोटोखाली "धुक्यातलं स्वप्न" असं लिहितात. ज्याची बाग असते त्याला त्या रात्री झोप नसते, स्वप्न कुठलं पडणार?

ट्रायपॉड उभा केला, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला, डोळा लावला. तेवढ्यात बांधावरून आरोळी आली, "मोजणीवाले आले रे!"

सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी दिंडोरी, निफाड, सिन्नर अशी जिल्ह्यातून झाली होती, हे मला माहीत होतं. तीन पायांवर उभं केलेलं यंत्र आणि त्याला डोळा लावलेला शहरी माणूस या भागात दिसला की लोकांना काय वाटतं, हे माहीत नव्हतं. पाच मिनिटांत भोवती माणसं जमली.

"साहेब, आमच्या गटातून किती जातंय?" एका आजींनी विचारलं.

"आजी, मी फोटो काढतोय. डोंगराचा."

"डोंगरातून बोगदा काढनार व्हय?"

"नाही हो, नुसता फोटो."

"कशासाठी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तेवढ्यात कानटोपीतले एक दादा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, दर बागायतीचाच लिहा. विहीर आहे आपली. जिरायत लावू नका." घरातून चहा आला. नको म्हणालो, तर साहेब रागावले असा समज झाला, म्हणून घेतला. तोवर ऊन माथ्यावरून कड्याच्या कमरेपर्यंत उतरलं होतं. असा उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो, आणि त्यातला निम्मा मी बशीत ओतून प्यालो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कड्याचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. दादांचा चेहरा पडला. मग काहीतरी सुचल्यासारखे ते म्हणाले, "फोटोच काढताय ना? मग हा बांध काढा. भावकीनं दोन फूट कोरलाय. तलाठ्याला दाखवता येईल."

मी ट्रायपॉड वळवला. कोवळ्या सोनेरी उजेडात, वाईड लेन्सनं, अगदी खाली बसून त्या बांधाचे फोटो काढले. गवतावरचं दव, ढेकळांच्या लांब सावल्या, टोकाला बाभूळ. खरं सांगतो, कंपोझिशन झकास जमली. दादांनी मोबाईल नंबर सांगितला, फोटो लगेच पाठवायला लावला, आणि मी बॅगेची चेन ओढतोय तोच पलीकडच्या शेतातून त्यांचे चुलतभाऊ हात हलवत आले.

"साहेब, थांबा! आता आमच्या बाजूनं बी काढा."