बाप्तिस्मा राहून गेला म्हणून तारण बुडतं का?

माझे मामा इंदूरमध्ये निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं आमच्याबरोबर उपासनेला येत होते. शेवटच्या बाकावर बसायचे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. आईबाबांनी माझ्या जन्माआधीच बाप्तिस्मा घेतला होता, मामांनी मात्र घेतला नव्हता. मामी तयार नव्हती आणि तिला घरात एकटं पाडून पाण्यात उतरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. गेल्या वर्षी मामी आपणहून म्हणाली, "तुम्ही घ्या, माझी हरकत नाही." ईस्टरचा दिवस ठरला. उपवासकाळातच मामांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मामीच्या फोनवर एक संदेश आला. तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात म्हटलंय: "बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. मार्क १६:१६ मध्ये प्रभूने स्वतः अट घातली आहे. योहान ३:५ मध्ये तीच अट पुन्हा आहे. पेत्राने पेंटेकॉस्टच्या दिवशी पापांची क्षमा बाप्तिस्म्यालाच जोडली. वधस्तंभावरचा चोर जुन्या कराराखाली मेला, त्याचं उदाहरण चालत नाही. लहानपणी पाणी शिंपडलेलं धरलं जात नाही. पहिल्या शतकापासून सगळ्या मंडळ्या हेच शिकवत आल्या आहेत. विश्वास ठेवूनही बाप्तिस्मा न घेता मेलेला माणूस नरकात जातो." शेवटी, हा संदेश दहा जणांना पाठवा.

मामीने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मग यांचं काय?"

मी पाळक नाही. पण हा प्रश्न आमच्या घरातला आहे, म्हणून प्रत्येक मुद्दा शास्त्र उघडून पाहिला.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करतो. "जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल," हे वचन संदेशात आहे, पण अर्धंच. पुढचा भाग असा: "जो विश्वास धरत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल." इथे "जो बाप्तिस्मा घेत नाही" असं म्हटलेलं नाही. शिक्षेचं कारण एकच दिलंय, अविश्वास. नववं ते विसावं वचन हा मार्काचा शेवटचा भाग चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, नाही. मी त्यावर भर देत नाही, कारण आपल्या मंडळ्या हा भाग शास्त्र म्हणूनच वाचतात. पण एखाद्याला नरकात धाडणारा निवाडा करायचा तर निदान वचन तरी पूर्ण वाचायला हवं.

योहान ३:५ जास्त अवघड आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. "पाण्यापासून व आत्म्यापासून" जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं प्रभू निकदेमाला सांगतो. प्राचीन मंडळीतल्या बहुतेक गुरूंनी इथलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा असाच अर्थ घेतला, हे खरं आहे. पण प्रसंग पाहा. ख्रिस्ती बाप्तिस्मा तेव्हा स्थापन झालेलाच नव्हता. तरीही प्रभू दहाव्या वचनात निकदेमाला विचारतो की तू इस्राएलाचा गुरू असून तुला हे समजत नाही का? म्हणजे ही गोष्ट निकदेमाला आपल्या जुन्या ग्रंथांतून कळायला हवी होती. ती यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात आहे. मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन, तुम्हांला नवं हृदय देईन, माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन, असं तिथे देव म्हणतो. पाणी शिंपडणारा देव, हृदय बदलणारा देव. आणि योहानातच तीन वचनांनंतर वारा हवा तिकडे वाहतो, आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचं तसंच आहे, असं प्रभू सांगतो. त्या वाऱ्याला चर्चच्या नोंदवहीत बसवणं या वचनाला धरून नाही.

आता प्रभूचा शिष्य पेत्र. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, त्याने पश्चात्ताप करून पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं, प्रेषितांची कृत्ये २:३८. काहीजण "साठी" या अर्थाच्या ग्रीक अव्ययाची ओढाताण करून "क्षमा आधीच झाली म्हणून" असा अर्थ काढतात. मला तो युक्तिवाद पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. पेत्राला पेत्राकडूनच समजून घेता येतं. पुढच्याच अध्यायात, ३:१९ मध्ये, तो लोकांना पश्चात्ताप करून वळायला सांगतो, म्हणजे त्यांची पापं पुसली जातील. तिथे पाण्याचं नाव नाही. आणि दहाव्या अध्यायात तर देवाने पेत्राला त्याचं वाक्यही पुरं करू दिलं नाही.

कर्नेल्य हा रोमी शताधिपती. पेत्र त्याच्या घरी बोलतोय की ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावाने पापांची क्षमा मिळते, आणि तो बोलत असतानाच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरला. पाणी अजून आलेलंच नव्हतं. पेत्राबरोबर आलेले यहूदी विश्वासणारे थक्क झाले. मग पेत्र म्हणाला की यांना आपल्यासारखाच आत्मा मिळाला आहे, तर यांच्या बाप्तिस्म्याला पाणी कोण नाकारील? त्या घरी आत्मा आधी आला, पाणी नंतर. जो नरकाच्या वाटेवर आहे त्याच्या ठायी देव आपला आत्मा वस्तीला पाठवतो का? आत्मा उतरल्यावर आणि पाणी यायच्या आधी कर्नेल्याचा श्वास थांबला असता, तर तो कुठे गेला असता? संदेश लिहिणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

आणि ही गोष्ट तिथे संपत नाही. पंधराव्या अध्यायात यरुशलेमात सभा भरते, कारण काही लोक शिकवत होते की सुंता झाल्याशिवाय तुमचं तारण होणार नाही. आता "सुंता" काढून तिथे "बाप्तिस्मा" ठेवा. आमच्या फोनवर आलेलं वाक्य जसंच्या तसं तयार होतं. तेव्हा पेत्राने उभं राहून कर्नेल्याच्या घरचीच साक्ष दिली: देवाने त्यांची अंतःकरणं विश्वासाने शुद्ध केली. विश्वासाने, असा शब्द आहे. सुंताही देवानेच दिलेली आज्ञा होती, कोणी घरी बनवलेली रूढी नव्हती. तरी तिला तारणाची अट करायला प्रेषितांनी नकार दिला. पौल रोमकरांस लिहिताना चौथ्या अध्यायात हेच अब्राहामाबद्दल सांगतो: त्याला नीतिमान ठरवलं ते सुंता होण्याआधी, सुंता हा नंतरचा शिक्का. शिक्का खरा असतो, मोलाचा असतो, पण तो कागदावर आधीच लिहिलेल्या मजकुरावर बसतो.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्म्याविना सुखलोकाचं वचन मिळालं. त्याच्याबद्दल संदेशातला आक्षेप अर्धा बरोबर आहे. सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची, मत्तय २८:१९. म्हणून मी त्या चोराला मुख्य साक्षीदार करत नाही. कर्नेल्य पुरेसा आहे, आणि तो पेंटेकॉस्टनंतरचा आहे.

लहानपणच्या बाप्तिस्म्याचा वाद वेगळा आहे, इथे त्याला फार जागा देत नाही. एवढंच सांगतो की पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे या शिकवणीत वाहतं पाणी नसेल तर दुसरं घ्या, थंड नसेल तर कोमट घ्या, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं सांगितलंय. आमच्या इंदुरात नळाला सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी येतं. ते ओंजळीत घेतलं काय आणि घाटावर जाऊन त्यात बुडालं काय, पाणी तेच.

"सगळ्या मंडळ्या हेच शिकवत आल्या" हा दावा मात्र मला सर्वांत जास्त खटकला. बाप्तिस्मा तारणाला आवश्यक आहे असं म्हणणाऱ्या मोठ्या मंडळ्या आहेत, हे खरं. कॅथलिक मंडळी तसं म्हणते, १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीत लूथरनांनीही तसं म्हटलं. पण बाप्तिस्म्याची वाट पाहत मेलेल्या विश्वासणाऱ्याला त्यांनी नरकात ढकललेलं नाही. ३९२ साली सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्मा राहून गेलेला असताना मेला. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या अंत्यसंस्काराच्या भाषणात रडणाऱ्या बहिणींना धीर दिला तो असा, की ज्याची त्याने इच्छा धरली, ती कृपा त्याला मिळाली. पुढे १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा "किंवा त्याची इच्छा" असे शब्द मुद्दाम घातले. आजची कॅथलिक धर्मशिक्षा सांगते की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. लूथरनांमध्येही जुनं सूत्र आहे, संस्काराचा अभाव दोषी ठरवत नाही, त्याची अवहेलना ठरवते.

आमच्या शहरात १८७७ मध्ये मिशन सुरू करणारे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन होते. त्यांच्या परंपरेतली सतराव्या शतकातली वेस्टमिन्स्टर कबुली तर उघड म्हणते की बाप्तिस्म्याकडे दुर्लक्ष करणं मोठं पाप आहे, तरी त्याच्याशिवाय कोणाचं तारण होऊच शकत नाही असं नाही. १९७०मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तिच्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्यांना देणारे, दोघेही एकत्र आले. आणि मुक्तिफौजेत (साल्वेशन आर्मीत) पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. सगळ्या मंडळ्या एकमुखाने बोलतात, असं चित्र कुठेच नाही.

आपल्याच मराठी माणसांकडे पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पाणी आधी आलं, जीवन नंतर. नारायण वामन टिळकांचं उलट झालं. ख्रिस्त त्यांच्या मनात आधी घर करून बसला, आणि घरच्यांचा, लक्ष्मीबाईंचा विचार करत ते थांबले. बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये, आणि त्यानंतर नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. मराठी घरात बाप्तिस्म्याची किंमत काय असते हे टिळकांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये "देवाचा दरबार" काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना बोलावलं. बाप्तिस्मा न घेतलेला नरकातच जाणार असं मानणारा माणूस असा दरबार भरवील का?

यावरून कोणी असं म्हणू नये की मग बाप्तिस्मा घ्यायलाच नको. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने त्याच रात्री, जखमा धुतल्यावर लगेच, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. प्रभूने सांगितलं आहे, तर घ्यायचा, आणि उगीच लांबवायचा नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर झाला. पाण्यानेच पापं धुतली जातात असं पक्कं धरलं की शेवटपर्यंत थांबावं, सगळी एकदम धुवून घ्यावीत, असा हिशेब लोक करू लागतात. त्या काळी पुष्कळांनी तो केलाही. मला आज्ञा मोडायला शिकवायचं नाही. पण आज्ञा ही मुलाला बापाने घरात सांगितलेली गोष्ट असते, घरात घेण्याआधी दारावर मागितलेली पावती नव्हे. इफिसकरांस दुसऱ्या अध्यायात "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे" असं लिहिलंय आणि हे देवाचं दान आहे असं पुढे म्हटलंय.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांना मी ओळखतो. त्यांतले दोघे मामांच्या शेजारच्या बाकावर बसायचे. त्यांनी एकदा मामीकडे जावं, फोन घरी ठेवून.

मी मामीला कृत्यांचा दहावा अध्याय वाचून दाखवला, सगळा, सावकाश. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण त्यांनी नंतर पाणी घेतलं ना?"

"घेतलं," मी म्हटलं. "त्यांना नंतर मिळालं, मामांना मिळालं नाही. पण आत्मा पाण्यासाठी थांबला नव्हता, मामी."

तिने पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.