वाळूआधी वारा बघा

बेटांवरचे ‘सर्वोत्तम किनारे’ सांगणाऱ्या तुमच्या लेखात किनारा निवडताना वाळूचा रंग आणि गर्दी यांनाच सगळे गुण दिलेत. वारा कुठून येतो याचा उल्लेखही नाही! कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात, तिथल्या बाथशेबा गावाजवळ खुल्या समुद्रात पोहणं धोक्याचं. त्याच बेटाची पश्चिम बाजू बहुतेक वेळा तळ्यासारखी शांत. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात राक्षसी लाटा येतात, उन्हाळ्यात तिथलंच पाणी निवळतं. त्यामुळे महिना न सांगता ‘सर्वोत्तम किनारा’ ठरवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दुसरी गोष्ट ओहोटीची. टांझानियातल्या झांझिबार बेटाच्या पूर्वेला पाजे गावी ओहोटीत समुद्र इतका मागे हटतो की पोहण्याजोगं पाणी गाठायला बरीच पायपीट करावी लागते. उत्तरेच्या नुंगवीला हा त्रास पुष्कळ कमी. (पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकणाऱ्या काइटसर्फिंगवाल्यांना पाजेच प्रिय, तो भाग वेगळा.)

लहान मुलं बरोबर असतील तर प्रवाळाच्या आडोशाचा उथळ किनारा आणि जीवरक्षक दोन्ही बघा. भरती-ओहोटीच्या वेळा कितीतरी आधी कळतात, हॉटेल ठरवण्यापूर्वीच त्या तपासाव्यात.